आठ जणी कुठं राहतात

“दोघी मला ठाव हायेत. कुशाबाई आन अंबाबाई. दोघींना शेवटचं न्हाऊ म्याच घातलं. मग तुज्या डॉक्टरीणबाईच्या त्या आठ जणी कुठं ऱ्हात्यात? येकीचं नाव सांग. येकीचं!”

द्रौपदाबाईंनी हा प्रश्न आपल्या लेकीला, यशोधरेला विचारला. मी त्यांच्या ओसरीवर चहाची बशी हातात धरून बसलो होतो. प्रश्न मला नव्हता. तरीही तो माझ्यापाशी येऊन थांबला, आणि पुढे पुष्कळ काळ उठला नाही.

सन दोन हजार तीनचा चैत्र चालू होता. निमगाव साव्याच्या शिवारात उन्हाळी कांदा काढून साठवणीच्या बराखीत भरला गेला होता आणि माणसांना बसायला थोडी उसंत मिळाली होती. ओतूरच्या विद्यालयात आयुष्यभर संस्कृत शिकवून मी गावी परतलो होतो. द्रौपदाबाईंचे यजमान नानासाहेब माझे जुने स्नेही. नारायणगावच्या एस. टी. आगारात त्यांनी मेकॅनिकचे काम केले आणि निवृत्तीनंतर वडिलार्जित शेत हाती घेतले. त्यांच्या वडिलांच्या पिढीने बुद्धाचा धम्म स्वीकारला होता. यशोधरा माझी विद्यार्थिनी. शाळेत संस्कृत शिकली, घरी पाली वाचू लागली आणि आता पुण्यात परिचारिकेचे शिक्षण घेत होती.

होळीच्या सुटीत आईची पाठ चोळून देताना तिच्या हाताला काखेजवळ, उजव्या स्तनात, हरभऱ्याएवढी गाठ लागली होती. पुण्याच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, सुई घालून पाहणे झाले. रोग तोच निघाला. मात्र गाठ लहान होती आणि पसरलेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी द्रौपदाबाईंना समोर बसवून सांगितले की हा रोग बायकांना पुष्कळ होतो. शहरात पंचवीस-तीस जणींमागे एकीला तो आयुष्यात कधीतरी गाठतो. खेड्यात प्रमाण कमी, पण कमी म्हणजे नाही असे नव्हे. स्तन काढावा लागेल, नंतर औषधाची इंजेक्शने, किरणांचा शेक. आणि इतक्या लवकर सापडलेल्या दहा जणींपैकी आठ जणी तरी पाच वर्षांनंतर आपापल्या घरी भाकऱ्या थापत असतात.

शस्त्रक्रियेची तारीख वैशाख पौर्णिमेनंतरची मिळाली होती. द्रौपदाबाई मात्र जायला तयार नव्हत्या.

“अगं, येक पार्ट गेला म्हणून आमी कधी गाडी भंगारात घातली न्हाई,” नानासाहेब म्हणाले.

“मी काय तुमची यष्टी हाय व्हय? आन तुमी दुरुस्त केलेल्या किती गाड्या माळशेज घाटात उभ्या ऱ्हायल्या, तेबी ऐकलंय म्या.”

“आई, मस्करी नको,” यशोधरा म्हणाली. “तारीख चुकली तर ती गाठ थांबणार नाही.”

“मस्करी मी करती का तुजी डॉक्टरीण? कापून घ्यायचं, केस घालवायचे, आन शेवटी कुशाबाईवानी भिंतीकडं तोंड करून पडायचं. त्यापरीस हातपाय चालतात तवर शेतात ऱ्हाईन. मला आकडा नको. माणूस दाखव.”

आम्ही ज्या परंपरेत शिकलो तिथे अनुमान मांडले की दृष्टान्त द्यावा लागतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, एवढे म्हणून भागत नाही. ‘जसे स्वयंपाकघरात’ असे पुढे म्हणावेच लागते. ऐकणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले काहीतरी त्याच्या हातावर ठेवल्याशिवाय कोणताही सिद्धान्त त्याचा होत नाही. शाळेची पायरी न चढलेल्या या बाई नेमका तोच दृष्टान्त मागत होत्या, आणि आम्हा तिघांपैकी कुणापाशीही तो नव्हता. यशोधरेने दवाखान्यात बऱ्या झालेल्या बायका पाहिल्या होत्या. पण त्या द्रौपदाबाईंच्या लेखी आकड्यांसारख्याच, बिननावाच्या नि बिनगावाच्या.

त्याच आठवड्यात सावळारामाने मला बोलावले. त्याची लेक अक्षदा हिची सोयरीक मंचरला ठरत आली होती आणि सुपारीसाठी त्याला दिवस काढून हवा होता. गावातले हे जुने पाटलांचे कुळ. सावळारामाची आई सखूबाई साठी ओलांडलेल्या, मितभाषी. त्या पडवीत सूप घेऊन बाजरी निवडत होत्या. पंचांग चाळता चाळता मी द्रौपदाबाईंचा प्रश्न तसाच्या तसा सांगितला, कारण तो माझ्या मनातून जात नव्हता.

“कोन वाचतंय गुरुजी त्या रोगातनं?” सावळाराम म्हणाला. “आता आमच्या आईचंच बघा. तिलाबी गाठ व्हती, मागं पुण्याला नेऊन काढली. पर ती साधी गाठ. म्हणून तर आई आज हितं बसलीय. त्यातली असती तर ऱ्हायली असती का?”

तर्क इतका गुळगुळीत होता की त्यावरून फिरवलेले बोट कुठेही अडले नसते. मात्र सुपाचा आवाज थांबला होता. सखूबाईंचा हात बाजरीवर तसाच राहिला होता. मग त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला आणि सूप पुन्हा हलू लागले.

द्रौपदाबाईंनी एवढेच कबूल केले, की वैशाख पौर्णिमेला लेण्याद्रीवर जाऊन स्तूपापुढे बसू. “त्यापुढचं मी वरून उतरल्यावर सांगीन,” असे त्यांचे शब्द होते. दवाखान्याची तारीख त्यानंतर तिसऱ्याच दिवशी होती.

पौर्णिमेच्या सकाळी नानासाहेबांनी सांगून ठेवलेली जीप वेशीवर उभी राहिली. आम्ही चौघे बसलो. एवढ्यात हातात पिशवी घेऊन सखूबाई आल्या आणि काहीही न विचारता आत चढू लागल्या. मागून सावळाराम धावत आला.

“आई, कुठं निघालीस?”

“लेण्याद्रीला. गनपतीला.”

“आज पुनव हाय. चतुर्थीला अजून चार दिस हायेत.”

“मग देव काय चतुर्थीलाच घरी असतो व्हय रं?”

जीपमधले सारे हसले. द्रौपदाबाईंनी सरकून जागा केली, आणि दोघी जुन्नरपर्यंत कांद्याच्या भावाखेरीज काही बोलल्या नाहीत.

लेण्याद्रीचा डोंगर ज्याने पाहिला नाही त्याला एवढे सांगणे पुरे की दुरून तो अखंड कातळ दिसतो आणि आत तो पोकळ आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वी माणसांनी छिन्नीने त्यात घरे केली: भिक्षूंना राहायला विहार, वंदनेला स्तूपाचे चैत्यगृह. त्यांतल्याच एका थोर विहारात पुढे गिरिजात्मज येऊन बसला. म्हणून चैत्याकडे जाणारे आणि गणपतीकडे जाणारे त्याच पायऱ्या चढतात, त्याच माकडांपासून आपल्या पिशव्या सांभाळतात आणि वर गेल्यावर वेगळे होतात.

त्या दिवशी दोघी वेगळ्या झाल्या नाहीत. द्रौपदाबाई, नानासाहेब आणि यशोधरा स्तूपापुढे बसली, वंदना झाली. सखूबाई मागे, खांबापाशी हात जोडून उभ्या होत्या. दगडावर कोरलेल्या दात्याच्या ओळी मी नेहमीप्रमाणे निरखू लागलो, तेव्हा द्रौपदाबाई म्हणाल्या, “गुरुजी, कुणाची नावं हायेत ती?”

“ज्यांनी हे लेणे करवून दिले त्यांची.”

“बरं हाय. मेलेल्यांची नावं दगडावरबी ऱ्हात्यात.”

मग त्या सखूबाईंकडे वळल्या. “चला, आता तुमच्या देवाकडं. माझी सोबत हुईल तुमाला.”

गणपतीचा मंडप द्रौपदाबाईंनी पूर्वीही पाहिला असेल. तरीही उंबऱ्यातून आत जाताच त्या मान वर करून थांबल्या. एवढा विस्तीर्ण मंडप, डोंगराचा सारा भार डोक्यावर, आणि मध्ये आधाराला एकही खांब नाही.

“कशावर उभं हाय हे?” त्या हळूच म्हणाल्या.

“जे ऱ्हायलंय त्याच्यावर,” सखूबाई म्हणाल्या. देवापुढे त्यांनी फक्त हात जोडले. मग द्रौपदाबाईंचा दंड धरला. “द्रौपदे, जरा माझ्याबरुबर चल. यशोधरे, तूबी ये. तू शिकतीस, तुला बघायला पायजे.”

शेजारी एक लहान विहार आहे. तिकडे फारसे कुणी जात नाही. त्या तिघी आत गेल्या. नानासाहेब आणि मी बाहेर ओट्यावर बसलो. दगडात आवाज खेळतो, पहिलेच वाक्य आमच्यापर्यंत आले: “माझी गाठ साधी नव्हती.” नानासाहेबांनी माझ्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघेही उठून कुकडीचे पात्र दिसते त्या टोकाला जाऊन उभे राहिलो. पुढचे सारे यशोधरेने मला आईच्या व सखूबाईंच्या संमतीने सांगितले, म्हणून ते लिहितो.

सखूबाई आतल्या खोलीत दगडी ओट्यावर बसल्या. त्यांनी चोळीची गाठ सोडली आणि डाव्या बाजूने एक कापडी थैली काढून मांडीवर ठेवली.

“राजगिरा हाय,” त्या म्हणाल्या. “आदी कापूस घालायची. पर कापसाला वजन न्हाई, वाकलं की वर चढतो. राजगिरा जागेवर बसतो. पावसाळ्यात कुबट वास मारतो, मग बदलायचा. जुना चिमण्यांना घालते. आमच्या अंगणात चिमण्या का जास्ती, ते गावाला अजून कळलं न्हाई.”

द्रौपदाबाई हसल्या नाहीत. त्या पाहत होत्या. जिथे स्तन होता तिथे सपाट, तलम त्वचा होती आणि काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत एक तिरपी पांढुरकी रेघ.

“दुखतं?”

“पहिलं वरीस दुखलं. आता हात डोक्यावर पुरा जात न्हाई, येवढंच. म्हणून मी लावणीत कायम डावीकडचं, कडंचं सरं धरायची; त्या हातानं लांब पोचाया लागत न्हाई. तूच मला येकदा बोलली व्हतीस, की पाटलिणीचे नखरे लई.”

“म्या बोलले व्हते,” द्रौपदाबाई म्हणाल्या.

“हात दे.”

त्या दोन घरांमध्ये एके काळी काय अंतर होते, हे आमच्या गावात कुणी कुणाला सांगावे लागत नाही. द्रौपदाबाईंच्या सासूला याच सखूबाईंच्या सासूने ओंजळीत वरून पाणी ओतले होते. त्या घरातल्या बाईने आता द्रौपदाबाईंचा तळवा आपल्या हातात घेतला आणि त्या पांढऱ्या रेघेवर टेकवून वरून दाबून धरला.



“काय लागतंय हाताला?” सखूबाईंनी विचारले.

“काळीज. लई जोरात उडतंय.”

“म्हातारी येवढं चढून आलीय, उडंल न्हाई तर काय? मधी काही उरलं न्हाई ना आता. सरळ हाताला लागतं. पहिल्या येळंला माझं मलाच कळलं तवा भ्याले. मग वाटलं, रोज इतकी वर्सं हे आतमधी चाललंय आन मला ठावं न्हाई.”

“मग येवढी वर्सं गप का ऱ्हायलीस?” द्रौपदाबाईंचा स्वर चढला. “कुशाबाई गेली तवा तू वाचलेली व्हतीस. तिला येक शबुद सांगायचा!”

सखूबाईंनी मान खाली घातली. “मी पुण्याहून आले तवा सासरे म्हनले, वाचली म्हंजी साधी गाठ असनार. समदे तसंच म्हनाय लागले. मला डॉक्टरनं सांगितलं व्हतं खरं काय ते. पर घरात तीन पोरी लग्नाच्या. मी म्हनलं, असूं दे साधी. मग त्येच खरं झालं. आन आता अक्षदाची सुपारी हाय दोन-तीन म्हयन्यांत.”

“मग आज का आलीस?”

“तू नाव मागितलंस,” सखूबाई म्हणाल्या. “माझं घे.”

यशोधरा सांगते की आईने हात काढला नाही. त्या तशाच, तळव्याखाली ती धडधड घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, “घेतलं.”

बाहेर आल्या तेव्हा नानासाहेब धीर करून म्हणाले, “काय ठरलं?”

“जीपवाल्याला सांगून ठेवा. परवा पुन्याला जायचंय. आन तुमच्या यष्टीनं नको, वेळेत पोचायचंय.”

नानासाहेब कातळाकडे तोंड करून उपरण्याने डोळे टिपत राहिले.

डोंगर उतरताना त्या गुळगुळीत तर्काची फट मला दिसली. आमच्या पंचक्रोशीत जी या रोगाने मेली तिला तो रोग होता. जी वाचली तिला तो नव्हताच. वाचणारीला आम्ही रोगातूनच बाहेर काढून टाकत होतो, मग रोगात मेलेल्यांखेरीज उरणार कोण? डॉक्टरीणबाईंच्या त्या आठ जणी कुठे गेल्या नव्हत्या. त्या आमच्याच बांधांवर, आमच्याच पाणवठ्यांवर, ‘साधी गाठ’ या नावाखाली नांदत होत्या.

द्रौपदाबाईंची शस्त्रक्रिया पार पडली. इंजेक्शनांनी केस गेले तेव्हा त्या आरशात पाहून म्हणाल्या, “आता भिक्खुणीच झाले. चीवर तेवढं ऱ्हायलं.” त्या घरी आल्यावर रिवाजाप्रमाणे बायका समाचाराला येऊ लागल्या, कुणी अंडी आणली, कुणी नारळ. द्रौपदाबाई लपल्या नाहीत. डोक्याला पदर न घेता ओसरीवर बसत आणि विचारणाऱ्याला रोगाचे नाव सरळ सांगत. सखूबाईंचे नाव मात्र त्यांनी ओठाबाहेर काढले नाही.

आणि मग जे घडले त्याचे मला अजूनही नवल वाटते. सगळ्या उठल्या की एखादी मागे रेंगाळायची. चपला शोधायची, पुन्हा बसायची. “द्रौपदाबाई, आत येता का जरा?” बेल्ह्याहून आलेली एक. ओतूरच्या बाजारात बांगड्या भरणारी एक. साकोरीची एक, जिचा नवरा माझा वर्गमित्र. मी तिच्या हातचे इतक्या वेळा जेवलो होतो. आतल्या खोलीचे दार लोटले जायचे, आणि थोड्या वेळाने दोघी डोळे पुसत नि हसत बाहेर यायच्या. द्रौपदाबाई त्यांची नावे सांगत नसत. मला एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, आठ न्हाईत त्या. लई हायेत.”

सुपारीच्या दिवशी सावळारामाच्या अंगणात मांडव होता. मंचरहून पाहुणे आले. नवरदेव सूरज, त्याचे आईवडील, भाऊबंद. मी मंत्र म्हणायला बसलो होतो. नारळ हातात द्यायच्या आधी सखूबाई उठून विहिणीपुढे आल्या.

“पावणं, सुपारी फुटायच्या आदी येक सांगते. मला छातीचा कॅन्सर झाला व्हता. काढलाय. लई वर्सं झाली. आमच्या पोरीला देताना हे झाकलं, असं उद्या म्हनू नका.”

“आई!” सावळाराम ओरडला. अक्षदा आजीकडे पाहत पाटावर ताठ बसली होती.

विहीणबाईंनी प्यायला पाणी मागितले. पाणी प्यायल्या. आणि अगदी हळू आवाजात विचारले, “तुमी कुठल्या दवाखान्यात गेला व्हता? माझी धाकली बहीण हाय घोडेगावला, भागू. वरीसभर काहीतरी झाकतीय. कुणाला बघू देत न्हाई.”

सुपारी फुटली. दुसऱ्याच दिवशी सखूबाई आणि, केस नसलेल्या डोक्याला रुमाल बांधून, द्रौपदाबाई घोडेगावच्या गाडीत बसल्या. भागूबाईंनी आधी दार उघडले नाही. द्रौपदाबाई बाहेरूनच म्हणाल्या, “उघड गं. आमी डॉक्टर न्हाई. दोगी मिळून दोनच घेऊन आलोय.” आतून हसू फुटले आणि कडी निघाली.

भागूबाईंचे दुखणे फार पुढे गेले होते. पुण्याला नेले, औषधे झाली. त्या दोन वर्षे जगल्या, मुलाचे लग्न पाहिले, आणि गेल्या. मी द्रौपदाबाईंना म्हणालो, “डॉक्टरांच्या गणतीत त्या वाचलेल्या आठांत येणार नाहीत.”

“त्यांनी कशातबी धरू दे,” द्रौपदाबाई म्हणाल्या. “तिनं दार उघडलं. ती आमचीच.”

सन दोन हजार आठची वैशाख पौर्णिमा. द्रौपदाबाईंना पाच वर्षे झाली होती. पुण्याहून तपासून आल्या होत्या, काही निघाले नव्हते. माझे गुडघे आता डोंगर मानत नाहीत, म्हणून मी पायथ्याशी सर्वांच्या पिशव्या राखत बसलो. जुन्नरच्या नि आंबेगावच्या कितीतरी गावांहून जीपा भरून बायका आल्या होत्या. कुणी चैत्याला, कुणी गणपतीला निघालेली; सोबत बहिणी, सुना, शेजारणी. पायऱ्यांवर पांढरी, हिरवी, जांभळी लुगडी आणि पातळे चढत होती. यांतल्या कोणकोणत्या ‘त्या’, हे ओळखावे म्हणून मी पुष्कळ वेळ निरखून पाहिले. कुणी थांबून दम खात होती, कुणी दुसरीला हात देत होती, कुणी माकडाला दटावत होती. ज्यांना झाला होता त्या, ज्यांना झाला नव्हता त्या आणि ज्यांना पुढे कधी होईल त्याही, साऱ्या एकाच चालीने वर जात होत्या. मला एकही वेगळी काढता आली नाही. माझे हात आपोआप जोडले गेले.

वरच्या वळणावर दोघी थांबल्या. एकीचे केस पुन्हा दाट आले होते. दुसरीचा डावा हात पुरता वर जात नव्हता, म्हणून तिने तो खांद्यापर्यंतच उचलून हलवला.

“गुरुजी!” द्रौपदाबाईंची हाक कातळावर आपटून खाली आली. “हात काय जोडताय? पिशवीत केळी हायेत, तुमच्या मागं माकड बसलंय!”